फलकावरचा सहवैमानिक

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रथम वस्तुस्थिती, आणि तीही क्रमाने. मधूनच सुरुवात करायची आणि विषय शेवटी आठवायचा ही तुझी लहानपणापासूनची खोड असल्यामुळे क्रम मी घालून देते. काल सकाळी तुझ्या निमंत्रणावरून मी विमान-उद्यानात गेले, ही पहिली गोष्ट. तिथे चौथऱ्यावर निवृत्त मालवाहू विमान उभे केले आहे. आपला मधला भाऊ ज्या विमानाबरोबर गेला ते हे नव्हे, पण त्याच तुकडीचे, त्याच जातीचे आहे, ही दुसरी. शेजारी त्या अपघातात गेलेल्यांच्या नावांचा फलक असून तो अनावरणापर्यंत कापडाने झाकलेला आहे, ही तिसरी. कापड मी वर केले, ही चौथी. मधल्याच्या नावापुढे 'सहवैमानिक' असे लिहिले आहे, ही पाचवी. तो सहवैमानिक नव्हता. इंजिने उघडून दुरुस्त करणारा यंत्रज्ञ होता, ही सहावी. आणि हा फलक तुझ्या दुकानात, तुझ्याच हाताने रंगला आहे, ही शेवटची. नाकारू नकोस. तुझा 'व' मी कुठेही ओळखीन; त्याचे पोट नेहमी सुटलेले असते.

आता बाकीच्या थाटाविषयी. चौथऱ्यावरच्या कर्ण्यातून विमानाची गर्जना ऐकवली जाते. समोर उभे आहे पंख्यांचे विमान आणि गर्जना आहे जेटची. म्हशीने डरकाळी फोडावी तसा प्रकार. चालकाच्या जागी काळा चष्मा घातलेला एक पुतळा बसवला आहे; तो बहुधा कपड्यांच्या दुकानातून आणला असावा, कारण त्याची उभे राहण्याची सवय गेलेली नाही आणि गुडघे वळत नसल्यामुळे तो खुर्चीत आडवा झोपल्यासारखा दिसतो. खाली टोपीवाला एक मार्गदर्शक जमलेल्यांना सांगत होता की या विमानाच्या नुसत्या आवाजाने शत्रूच्या छातीत धडकी भरत असे. या विमानाने जन्मभर पिठाची पोती, रॉकेलचे डबे आणि थंडीतली पांघरुणे वाहिली. हे मी त्याला तिथेच सांगितले. त्यावर तो म्हणाला की बाई, पिठाच्या पोत्यांसाठी लोक रांगेत उभे राहत नाहीत. उभे राहतात. पोटात अन्न नसले की तासन् तास उभे राहतात. पण त्याच्याशी वाद घालण्याइतकी माझी सकाळ स्वस्त नव्हती.

लोकही त्या विमानाला साजेसे होते. एका जोडप्याने चाकावर बसून छायाचित्रांसाठी सतरा वेळा चेहरे बदलले आणि विमानावर काय लिहिले आहे ते एकदाही वाचले नाही. एका गृहस्थांनी पंखाखाली सतरंजी अंथरली होती, कारण म्हणे सावली बरी पडते. आठवण ठेवायला आलेला माणूस मला तिथे एकच दिसला. म्हातारा होता, टोपी काढून उभा होता. त्याला पहारेकऱ्याने बाजूला व्हायला सांगितले, कारण त्याच्यामुळे छायाचित्रात विमानाचे नाक येत नव्हते.

फलकाची पहिली ओळ 'आकाशाला गवसणी घालणारे आमचे गरुड' अशी आहे. ही कल्पना उद्यान-समितीच्या अध्यक्षांची असणार. फर्निचर विकणाऱ्या माणसाला सगळ्याच गोष्टींना नक्षीचे पाय लावायची सवय असते. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आंब्याच्या झाडाला बाभळीचे काटे का नाहीत, असे कोणी विचारत नाही, तसेच उलटही. तक्रार तुझ्याबद्दल आहे. तू त्या समितीचा सचिव आहेस, आणि त्याच्या आधी मधल्याचा भाऊ आहेस. एक तारखेला मेट्रन, म्हणजे त्याची बायको, सगळ्यांसमोर ते कापड ओढणार. त्याआधी फलक दुरुस्त होईल का, आणि मुळात हा शब्द तिथे आला कसा, एवढे दोन प्रश्न आहेत.

थंडी कमी झाली आहे, गुडघा तसाच आहे. तुझ्या घरच्यांना आशीर्वाद. माझा लोभ गृहीत धर, उत्तर मात्र धाडायचे गृहीत धरू नकोस, धाड.

तुझी,
ताई

---

दि. ७ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट गरम लागलं म्हणून आधी ताटलीत ठेवून जरा निवू दिलं. तिकीट मात्र सरळ चिकटवलेलं होतं, त्यावरून राग अजून तुझ्या ताब्यात आहे हे बायकोनं ओळखलं आणि मला वाचायची परवानगी दिली.

आधी कबूल करण्यासारखं कबूल करतो. जेटचा आवाज चूक आहे. ध्वनिफीतवाल्याकडे दोनच आवाज होते आणि दुसरा आगगाडीचा होता. पुतळा खरंच कपड्यांच्या दुकानातला आहे. त्याचे पाय वळवायला गेलो तर एक हातात आला. आणि माझ्या 'व'चं पोट सुटलंय म्हणतेस, तर आता माझंही सुटलंय. एवढी वर्षं एकत्र काढल्यावर माणसं एकमेकांसारखी दिसायला लागतात. पण तू कापड वर करून बघितलंस हे बरं नाही. पहारेकऱ्यानं माझ्याकडे तक्रार केली की एक मास्तरीणबाई आल्या, फलक वाचला आणि मलाच विचारलं की हे कोणी तपासलंय. मी सांगितलं की ती माझी बहीण आहे. त्याला माझी दया आली.

आता मुद्दा. तो शब्द चुकून आला नाही, मी मुद्दाम लिहिला. समितीचा नियम असा की फलकावर फक्त उड्डाणकर्मींची नावं. मुख्य वैमानिक, सहवैमानिक, दिशादर्शक वगैरे. दादा त्या विमानात होता, त्यांच्याबरोबरच गेला, पण कागदोपत्री तो जमिनीवरचा माणूस. नाव बसेना. खरा सहवैमानिक त्या दिवशी आजारी होता, त्याची उजवी खुर्ची मोकळीच गेली होती. मी अध्यक्षांना म्हटलं की ती जागा तशीही रिकामीच आहे. ते म्हणाले की काय लिहायचं ते लिहा, पाचजण असले की दोन रांगा नीट भरत नाहीत, सहा हवेत. झालं.

पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे, आणि ते मी तुला कधी बोललो नाही. नवं इंजिन बसवून झाल्यावरचं ते पहिलं उड्डाण. चौकशी झाली आणि अपघाताचं कारण ठरवता येत नाही म्हणून संपली. कारण सापडलं नाही की लोक आपापलं कारण शोधत बसतात. मागच्याच वर्षी एक गिऱ्हाईक दुकानात पाटी रंगवून घेत होतं. बोलता बोलता त्यानं सहज विचारलं की ते इंजिन तुमच्या भावानंच बसवलं होतं ना. त्याच्या पाटीवरची अक्षरं मी त्या दिवशी किंचित तिरकी रंगवली. तेवढाच माझा सूड. आता त्या फलकावर सगळ्या गावासमोर 'यंत्रज्ञ' लिहिलं, तर बाकीची पाच नावं कोणी वाचणार नाही. लोक त्या एका शब्दावर बोट ठेवतील आणि म्हणतील, हा बघा, ह्यानं मारलं. सहवैमानिक म्हटलं की बोट पुढे सरकतं.

वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. ती कापड ओढेल, शब्द बघेल, मनातून सुखावेल. एका शब्दानं कोणाचं काय बिघडतंय? तू जन्मभर मुलांच्या चुकांखाली लाल रेघ ओढलीस. ह्या एका चुकीकडे डोळेझाक कर.

गुडघ्याला शेक दे. माझ्यावरची माया आटली नसेल तर दोन ओळी बऱ्या लिही.

तुझा,
धाकटा

---

दि. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझा हेतू चांगला आहे हे मला पहिल्या वाचनातच कळले. चांगल्या हेतूने केलेल्या कामांचाच मला अधिक तिटकारा आहे. वाईट कामाला निदान नावे ठेवता येतात.

दोन रांगा भराव्यात म्हणून आपल्या भावाला बढती मिळाली हे वाचून मी पत्र खाली ठेवले आणि त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. खुर्च्या मांडणाऱ्याच्या हाती स्मारक दिले की असे व्हायचेच: त्याला मेलेल्या माणसांचाही संच पूर्ण लागतो.

आता तुझे मोठे कारण. तू म्हणतोस, संशय टळावा म्हणून शब्द बदलला. अरे, ज्याला काही लपवायचे असते तोच नाव बदलतो. चौकशी करणाऱ्यांनी त्याला दोषी म्हटले नाही. गावाने म्हटले असेल तर कुजबुजत म्हटले. तू एकट्याने ते दगडाच्या चौथऱ्यावर, टिकाऊ रंगात, मोठ्या टाईपात मान्य करून टाकलेस. उद्या कोणी जुने सहकारी तिथे येतील, ते ओळखतील की हा तर आपला इंजिनवाला, आणि विचारतील की ह्याच्या घरच्यांना त्याच्या कामाची एवढी लाज का वाटली. तुझ्या त्या तिरक्या अक्षरांच्या गिऱ्हाइकाला जे सुचले नव्हते ते तू सुचवलेस.

मेट्रन सुखावेल असे तू लिहितोस. जिने आयुष्यभर वॉर्डातल्या बाळंतिणींना आणि सर्जनांना एकाच आवाजात दटावले, ती बाई एका खोट्या शब्दाने सुखावेल असे ज्याला वाटते, त्याने तिच्या हातचा चहा फुकट घेतला. तिला विचारायचे धाडस तुझ्यात नाही हे दिसतेच आहे. म्हणून तुझे पत्र आणि माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला आजच तिला पाठवल्या आहेत. तू चिडशील. चीड.

लोभात खंड नाही. आदरात पडला आहे.

ताई

---

दि. १४ फेब्रुवारी

ती. वन्संना स. न. वि. वि.

तुमची दोघांची पत्रं वाचली. आमच्या वॉर्डात दोन डॉक्टर कधीकधी खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून रोग्याच्या डोक्यावरून भांडायचे. रोगी बिचारा ह्याच्याकडून त्याच्याकडे मान वळवत राहायचा. त्याला काय होतंय हे त्याला विचारावं, हे दोघांनाही सुचायचं नाही. मी दोघांनाही बाहेर काढायची. तुम्हाला आणि भाऊजींना मी बाहेर काढू शकत नाही, म्हणून लिहिते.

भाऊजींना वाटलं मी सुखावेन. त्यांना सांगा, मला सुखवायचं असेल तर माझ्या स्वयंपाकघराच्या दाराची कडी बसवून द्या, ती वर्षभर लोंबते आहे. पण वन्सं, तुम्हालाही एक सांगते आणि रागावू नका. म्हणजे रागावाल, पण पुढे वाचा. तुम्ही 'यंत्रज्ञ, यंत्रज्ञ' म्हणून टेबल बडवताय ते बरोबर शब्द आहे म्हणून. मुलांच्या वहीत बडवायचात तसंच. ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण इंजिनवाला माणूस त्या विमानात मुळात बसलाच कशाला, हे तुम्ही दोघांनीही मला एकदासुद्धा विचारलं नाहीत. भाऊजींनी धरलं की कामावर पाठवलं असेल. तुम्ही काय धरलंत ते तुम्हाला ठाऊक.

तर ऐका. ह्यांना कोणी पाठवलं नव्हतं. ह्यांच्या शेडमध्ये एक रीत होती. लिहिलेली नाही, वरच्या साहेबांना विचारलंत तर अशी रीत नाहीच म्हणून सांगतील. ज्यानं इंजिन उघडलं, त्यानं पहिल्या उड्डाणाला आत बसायचं. वैमानिकाच्या मागे एक घडीचं बाक होतं, त्यावर. साहेब दुसरीकडे बघायचे आणि हे चढायचे. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे असं वैमानिकानं म्हणायचं नाही, आणि माझं काम चोख आहे असं ह्यांनी म्हणायचं नाही. फक्त जाऊन बसायचं. एवढंच बोलणं.

आणि ह्यांना विमान सोसायचं नाही. माहीत होतं का तुम्हाला? जमीन सुटली की पोट ढवळायचं. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी नुसता कोरा चहा घेऊन निघायचे आणि खिशात कागदी पिशवी. मी हसायचे. म्हणायचे की लोकांना दाखवायला तरी डोळे उघडे ठेवत जा. हे म्हणायचे की डोळे मिटले तर इंजिन जास्त नीट ऐकू येतं. थापा. पण बसायचे. एकदाही चुकवलं नाही.

गेल्यावर वसाहतीतल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. वाईट कोणी बोललं नाही, पण नळावर मी आले की घागरी लवकर भरायच्या. ते गप्प बसणं हाच त्यांचा चौकशी अहवाल होता. तो मी पचवला. भाऊजींना त्या एका गिऱ्हाइकाचं एवढं लागलं, मी तर त्याच वसाहतीची माणसं सांभाळत वॉर्ड चालवला.

म्हणून सांगते. सहवैमानिक लिहिलंत तर ते विमानात होते कारण त्यांची नोकरीच ती होती. त्यात काय मोठं? यंत्रज्ञ लिहिलंत तर त्यांनी त्या दिवशी जमिनीवर राहायला हवं होतं, हात पुसून घरी जेवायला यायला हवं होतं. ते आले नाहीत. ते जाऊन बसले. इंजिनात चूक होती की नव्हती, मला ठाऊक नाही, कोणालाच ठाऊक नाही. पण असती तरी तिच्या शेजारी बसायला ते गेले होते. ह्याहून जास्त मी कोणाकडून मागत नाही, आणि कमी कोणाला करू देणार नाही.

'यंत्रज्ञ' लिहिणार असाल तर कापड ओढायला मी येते. नसाल तर नावच काढून टाका. मी घरी बसेन.

कडीचं विसरू नका. तुमची माया माझ्यावर आहे तशी राहू द्या, फक्त ती अधूनमधून विचारपूस करत जाईल असं बघा.

आपली,
मेट्रन (तुम्हीच ठेवलेलं नाव, आता चालवते)

---

दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

वहिनीची कडी बसवून आलो. तिनं चहा दिला आणि कडी तीनदा लावून-काढून बघितली. मी आणखी एक स्क्रू पिळला.

काल समितीची बैठक झाली. मी वहिनीचं म्हणणं मांडलं. आधी विचार केला होता की रीत, घडीचं बाक, सगळं सांगायचं. निम्म्यात असतानाच अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले की सचिवसाहेब, एखाद्याची गाडी आपटली तर मेकॅनिकचं नाव पाटीवर लिहितात का, उलट त्याला शोधायला जातात. टेबलाभोवती सगळे हसले. खजिनदाराच्या नाकातून चहा आला. मी हसलो नाही, पण ताई, मी उठूनही गेलो नाही. इतिवृत्त लिहीत होतो.

ठराव असा झाला: 'सहवैमानिक' ठेवायचं असेल तर नाव राहील, नाहीतर ते नाव वगळून फलक नव्यानं रंगवायचा. नुसतं नाव लिहू, पुढे काहीच नको, असंही मी सुचवून पाहिलं. म्हणाले की पुढची जागा मोकळी वाईट दिसते.

तू वहिनीला समजाव. ती तुझं ऐकेल. चुकीच्या शब्दासकट का होईना, दादाचं नाव तिथे राहील. पुसलं तर काहीच राहणार नाही. रविवारपर्यंत मला रंगायला बसावं लागेल आणि माझा हात वळत नाही.

तुझा मार सोसायला बसलोच आहे. मागून थोडी मायाही पाठव.

धाकटा

---

दि. २३ फेब्रुवारी

श्री. सचिव, विमान-उद्यान समिती, यांस स. न. वि. वि.

हे पत्र भावाला नाही. भावाला वेगळे लिहीन, आणि ते बरे असेल.

मेट्रनला मी समजावणार नाही. तिचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला जे ठाऊक नव्हते ते कळले, दुसऱ्या वाचनात त्यात दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही. असे माझ्या हाती आलेल्या फार थोड्या लेखनाबाबत घडले आहे.

समितीच्या ठरावाविषयी माझे म्हणणे असे. गरुड, गवसणी आणि झोपलेला पुतळा यांचा आनंद ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी घ्यावा. विमान दगडावर बांधलेले आहे, ते उडून जाणार नाही आणि त्यांना लाज आणणार नाही. अध्यक्षमहाशयांच्या विनोदाला उत्तर देणेही मला कमीपणाचे वाटते. मेकॅनिक आपण दुरुस्त केलेल्या गाडीत बसून गेला, हे त्यांना पुरते सांगायला तू घाबरलास, आणि त्यांना घाई होती. त्यांनी विकलेल्या एखाद्या खुर्चीत पहिल्यांदा ते स्वतः बसून पाहतात का, याची चौकशी कर. उत्तर मला कळवायची गरज नाही.

मला हवे आहे ते एवढेच. नाव वगळायचे असेल तर वगळा, पण त्याचे कारण मला समितीतर्फे लिहून द्या. 'नियमानुसार' हा शब्द चालणार नाही. ज्या नियमात एक माणूस खोटे बोलून बसतो आणि खरे बोलून उठवला जातो, त्याला मी नियम म्हणत नाही. पूर्ण वाक्य हवे. 'हा मनुष्य विमाने दुरुस्त करीत असे, स्वतः दुरुस्त केलेल्या विमानात आपणहून बसून गेला, म्हणून त्याचे नाव या फलकावर लिहिण्यास समिती नकार देत आहे.' यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणून एकही शब्द बदलायचे कारण नाही. खाली तारीख आणि सचिवाची सही.

हसत हसत टेबलाभोवती बोलता येते. हे वाक्य तुझ्या हाताने लिहून खाली तुझी सही घालता आली, तर मी पुन्हा या विषयाचा उच्चार करणार नाही, आणि फलक तुम्ही हवा तसा रंगवा. हात तिथेही वळला नाही, तर रविवारी नवा फलक करू नकोस. जुन्यावरचा तो एक शब्द खरवड, तिथे 'यंत्रज्ञ' लिही, आणि समितीला काय सांगायचे ते एकदा तरी उठून उभा राहून सांग.

दोहोंपैकी काय झाले ते एक तारखेच्या आत कळव. दूरध्वनी करू नकोस. मी उचलणार नाही. कोणाकरवी निरोप धाडू नकोस. मी ऐकणार नाही. उत्तर लेखी हवे.

आपली,
मृत यंत्रज्ञाची थोरली बहीण